कडुलिंबापाशी वाजणारं इंजन

ये गं बाई, अशी जवळ सरक. भिंतीला टेकून पाव्हणीवानी काय बसलीस? आणि आधी ते हसणं आवर. भावानं फोनवर काहीतरी अर्धंमुर्धं सांगितलं, "माय आता मेकॅनिक झाली," आणि तू तिकडं हसत सुटलीस. मागं काय झालं, पुढं काय झालं, एका शब्दानं विचारलं नाहीस. लेकीनं असं करू नये. हसायचंच असलं तर पुरतं ऐकून घे, मग हस.

जवळ सरक म्हणते खरं, पण तू तिकडं वसमतला तुझ्या घरी आणि मी इकडं ओसरीत कागद घेऊन बसलेली. मला लिहितानाही समोर कुणीतरी लागतं, त्याला मी काय करू? नाहीतर हात चालत नाही.

हे तुझ्यापासून लपवायचं होतं असं समजू नको. तेव्हा सांगायची वेळ नव्हती. तुझा नवरा आणि तुझा भाऊ यांच्या मधे एक आवाज येऊन बसला होता. तो आवाज कशाचा हे कळल्याशिवाय तुला सांगितलं असतं तर तू रात्रंदिवस रडत बसली असतीस, आणि रडून इंजन नीट होत नाही.

भावाची गाडी तुला ठाऊक आहे, पण हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. छोटा ट्रक आहे, जुना, मुळात पेट्रोलवरचा. त्याला मागाहून गॅसचं किट बसवलं. स्टेरिंगजवळ एक बटन आहे. इकडं दाबलं की गाडी गॅसवर चालते, तिकडं दाबलं की पेट्रोलवर. हिंगोलीला गॅस भरायचा, किराणा, खत, सिमेंट जे मिळेल ते लादायचं आणि आमच्या साखऱ्याकडच्या गावांमधे उतरवायचं, हा त्याचा रोजचा धंदा. येताना आमच्या गावाच्या अलीकडं चढ लागतो. नाला ओलांडला की सुरू होतो, पण तिथं नुसता नावाला चढ. कडुलिंबाच्या झाडापाशी रस्ता वळतो आणि तिथून छातीसारखा उभा राहतो. भरलेली गाडी तिथं कण्हत कण्हत वर येते. गॅसवर तर फारच. म्हणून आमच्या भागातले सगळे गाडीवाले त्या झाडापाशी आले की बटन पेट्रोलवर दाबतात. चढ संपला की पुन्हा गॅस. देवळात शिरताना चपला काढाव्यात तसं ते. कुणी कुणाला शिकवत नाही, कुणी विचारतही नाही.

आता धोंड्याच्या महिन्यातलं आठव. ऐन उन्हाळ्यात आला होता. तुम्ही दोघं आलात, जावईबापूंना पाटावर बसवलं, वाण दिलं, पुरणाचे धोंडे वाढले. जेवणावर तुझा भाऊ म्हणाला, "दाजी, गॅसवर गाडीला दमच न्हाई. मरून मरून चढती."

जावईबापू गॅरेजवाले, लगेच म्हणाले, "वसमतला आण. हेड उतरवून फेसिंग मारून देतो. दाब वाढला की गॅसवर बी घोड्यावानी पळंल."

तू आत सुनेपाशी होतीस, म्हणून तुला माहीत नाही. मी तिथंच विचारलं, "दाब वाढतो म्हणजे काय होतं ओ?" मला मेलीला चौकशीची खोड. ते हसले नाहीत. उठले, दारामागचा सायकलीचा पंप आणला आणि म्हणाले, "मामी, याच्या तोंडाला अंगठा लावा." मी लावला. त्यांनी दांडा दाबला. दोनदा दाबला तर नळी गरम लागायला लागली. "वाऱ्याला जागा कमी केली की तो तापतो," म्हणाले. "इंजनात बी हेच. वरचं झाकण, त्याला हेड म्हणायचं, ते खालून घासून पातळ केलं की आतली जागा कमी होती. दट्ट्या, पिस्टन म्हणतात तो, वर आला की गॅस जास्त चेपला जातो, आणि जास्त चेपलेला गॅस जोरात जळतो. गॅसला हे चालतं. मंग ताकद वाढती."

मला ते इतकं आवडलं की तुम्ही गेल्यावरही मी दोन-चार वेळा तो पंप दाबून बघितला. सून म्हणाली, "आत्याबाई, सायकल न्हाई घरात, हवा कुणाला भरून राहिलात?"

पुढं भाऊ गाडी घेऊन वसमतला गेला. जावईबापूंनी स्वतःच्या हातानं काम केलं. हेड घासून आणलं, ठिणगी जराशी आधी पडेल असं जुळवलं, आणि "घरचं काम हाय" म्हणून परत पाठवलं. गाडी आली ती खरंच बदलून आली. भाऊ नुसता खूश. शेजारच्यांना बसवून चक्कर मारून आणायचा.

आणि मग पेरणीच्या तोंडावर, खताच्या गोण्या चालू झाल्यावर, एके दिवशी दुपारी घरी आला आणि हातपाय न धुता ओट्यावर बसला.

"माय, गाडी बोलायला लागली."

"काय म्हणती?"

"हसू नको. इंजन ठोकून राहिलं. चढाला लागलं की ठकठक, ठकठक. वर आलं की गप."

दोन-चार दिवस त्यानं असेच काढले. मग बोलणं बदललं. "ठोकून राहिलं" याचं "दाजींनी ठोकायला लावलं" झालं. "घासून घासून हेड पापडावानी केलं त्यांनी. आता आतून समदं खिळखिळं झालं."

मी म्हणाले, "मंग फोन कर ना त्यांला."

"कसा करू? धोंड्याला पाटावर बसवलेला माणूस. त्यांला म्हणू का, तुमी माझं इंजन खाल्लं?"

"त्यांला म्हणता येईना आन् मला म्हणून राहिला!"

"तू जावई थोडी हायेस?"

बघ, असं. आपल्यात जावयाला ताटात मीठ कमी पडलं तरी विचारायची पद्धत आहे, पण त्याच्या हातून काही बिघडलं तर सांगायची पद्धत नाही. मग माणूस दुसरीकडं जातो. मला डोळ्याच्या डॉक्टरकडं हिंगोलीला जायचंच होतं, म्हणून मी गाडीत बसले, तर यानं गाडी आधी एका गॅरेजवर नेली. तिथला मिस्त्री म्हातारा, दाढीला मेंदी लावलेला, फार अदबीनं बोलणारा. त्यानं इंजन चालू केलं, रेस दिली, कमी केली. लांब पेचकसाचं टोक इंजनावर ठेवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसंच. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "अम्मा, गाडी तो यहाँ एकदम चुप है."

"चढ पे बोलती," भाऊ म्हणाला.

"कैसा आवाज?"

"ठकठक. जाड."

"जाड है तो नीचे का बेरिंग होगा. खोलना पडेगा." मग हेडवर हात ठेवून त्यानं विचारलं, "ये हेड किसने घिसा?"

त्याच्या मनात काही नसेल. डॉक्टरही विचारतोच, आधी औषध कुणाचं चालू होतं. पण तुझ्या भावाचे कान लाल झाले. परत येताना नाल्यापाशी आल्यावर म्हणाला, "बाजार झाला की दुसऱ्या दिवशी खोलायला लावतो. आतलं जे निघंल त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकतो. बघू दे समद्यांला दाजींचं काम."

घरचा ग्रुप म्हणजे तुला ठाऊक आहे. तुमच्या लग्नाच्या वेळी केलेला. तुझा सासरा, दीर, नणंदा, आपले मामा, काका, सगळे त्यात. सकाळी फुलं पाठवायची आणि सणाला दिवे. त्यात तुझ्या नवऱ्यानं खराब केलेल्या इंजनाचा फोटो!

मी का घाबरले ते तुला कळायचं नाही, कारण तुला मी हे कधी नीट सांगितलेलं नाही. माझ्या भावानं तुझ्या बापाला एक बैल दिला होता. बैल इकडं आल्यावर लंगडायला लागला. हा म्हणे लंगडाच दिला, तो म्हणे तुमी जुपून लंगडा केला. बैलाचा पाय कुणी बघितलाच नाही. दोघांचं बोलणं चार माणसांत झालं आणि माझं माहेर बंद झालं. तू पोटात होतीस तेव्हा बंद झालं, ते तू शाळेत जायला लागलीस तेव्हा उघडलं. तोवर माझी आई गेली होती. म्हणून मला वाटलं, आता काही झालं तरी आधी पाय बघायचा. म्हणजे आवाज बघायचा.

मी भावाला म्हणाले, "बाजारापर्यंत मला रोज गाडीत बसू दे."

"तू काय करणार बसून?"

"ऐकते."

"मिस्त्रीला न्हाई कळलं."

"मिस्त्रीच्या दारात ती बोललीच न्हाई तर त्याला काय कळणार? मी चढावर बसते."

आता हस. यावर हसलीस तर चालेल. पदर कमरेला खोचून मी पुढच्या सीटवर, मांडीवर पाण्याची बाटली, आणि मागं खताच्या गोण्या. रस्त्यातली माणसं वाकून बघायची. कुणी विचारलं तर भाऊ म्हणायचा, "हमाल ठेवलाय."

पहिल्या दिवशी मी तो आवाज ऐकला. आणि ऐकल्याबरोबर मला कळलं की हा म्हणत होता तसा तो नाहीच. ठकठक नव्हे. जाड तर मुळीच नव्हे. पत्र्याच्या डब्यात मूठभर हरभरे टाकून डबा हलवावा ना, तसा. किणकिण, खुळखुळ, बारीक आणि भरभर. मी म्हणाले तसं, तर म्हणतो, "मला तर घण घातल्यावानी वाटतो." त्याला राग आलेला होता ना. रागात डब्यातले हरभरेही घणासारखे ऐकू येतात.

मला आधी वाटलं, सीटखाली काही सुटं असेल. बघितलं तर जॅकचा दांडा सुटाच होता. जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन तो बांधून टाकला आणि वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुळखुळ. मग वाटलं, ऊन असेल. त्याला म्हणाले, सकाळच्या थंड वेळेला भरून आण. सकाळी आवाज कमी आला, पण आला. म्हणजे तापण्याशी त्याचं काहीतरी होतं. मग एकदा रिकामी गाडी वर नेली, तर नाहीच आला म्हण ना. म्हणजे ओझ्याशीही त्याचं काहीतरी होतं. मी आपली एकेक गोष्ट बाजूला ठेवत चालले, पण हातात काही येईना. भाऊ म्हणाला, "उद्या बाजार. परवा खोलायची."

बाजाराच्या दिवशी गाडी गळ्यापर्यंत भरलेली. ऊन असं की डांबर चिकटत होतं. मी मनात म्हणाले, आज तर इंजन किंचाळणार. नाला गेला. झाड आलं. वळण गेलं. मी कान देऊन बसलेली, श्वाससुद्धा घेईना. गाडी दमानं, पण नीट, वर आली. हरभऱ्याचा एक दाणा वाजला नाही.

भाऊ स्टेरिंगवर थाप मारून म्हणाला, "गेला! आपणहून गेला बघ. तुझा पायगुण!"

मला काही हे पटेना. ओझं तेच, ऊन त्याहून जास्त, चढ काही खाली बसलेला नाही. मग आवाज गेला कुठं? मी त्याला म्हणाले, "गाडी थांबव. आज येगळं काय केलंस?"

"काई न्हाई केलं."

"काईतरी केलं. आठव."

"काईच न्हाई, माय. पेट्रोल बी संपलं व्हतं सकाळपासून, भरायला गावलं न्हाई. तशीच गॅसवर आणली वर. मला वाटलं बंद पडती."

मी म्हणाले, "मंग रोज कशावर आणतो?"

"पेट्रोलवर. झाडापाशी बटन दाबतो ना. समदेच दाबतात."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतके दिवस मी कान इंजनाकडं लावून बसले, डोळे रस्त्याकडं, आणि याच्या हाताकडं बघितलंच नाही. आवाज नाल्यापाशी कधीच सुरू होत नव्हता, चढ तिथूनच लागत असूनही. तो झाडापाशी सुरू व्हायचा, आणि झाडापाशीच याचा हात बटनाकडं जायचा. हात जायचा हे मला दिसतही असेल, पण ते गेर टाकण्यासारखं, घाम पुसण्यासारखं. आपल्याकडच्या माणसाला ते दिसणारच नाही.

मी त्याला तिथल्या तिथं म्हणाले, "गाडी खाली ने. पेट्रोल आणू. पुन्हा वर येऊ."

"भरल्या गाडीनं? येडी झाली का तू?"

"भरल्याच गाडीनं. तेवढंच ओझं, तोच गेर, हेच ऊन. एकदा गॅसवर, एकदा पेट्रोलवर. दुसरं काई बदलायचं न्हाई."

कुरकुर केली, पण केलं त्यानं. एकाच्या मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल घेतलं. खाली गेलो, गॅसवर वर आलो, गप. पुन्हा खाली गेलो, झाडापाशी मी म्हणाले "दाब," त्यानं दाबलं, आणि थोडं वर गेलो नाही तोच खुळखुळ खुळखुळ. मी म्हणाले, "परत गॅसवर घे." घेतलं. गप. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. मागं एक ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवून राहिला होता, त्याचंही भान नाही.

"म्हणजे पेट्रोलच खराब?" भाऊ म्हणाला.

"इतके दिवस समदं खराबच भरलं का?"

"मंग?"

मला कळलं नव्हतं पुरतं. पण पंपाची ती गरम नळी आठवून राहिली होती. चेपलं की तापतं. गॅसला हे चालतं, असं जावईबापू म्हणाले होते. गॅसला चालतं म्हणाले, पेट्रोलला चालतं असं नव्हते म्हणाले.

घरी आल्यावर मीच फोन लावला. भाऊ दारात उभा राहून हातानं नको नको करत होता. मी तक्रार करायला लावलाच नव्हता. मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"जावईबापू, कामात न्हाई ना?"

"बोला ना मामी."

"एक शंका हाय. तुमी त्या दिवशी पंप दाखवला, त्यातली. हेड घासल्यावर गॅस जास्त चेपला जातो. त्याच्यात पेट्रोल घातलं तर काय व्हतं?"

"चालू करायला घातलं, रिकामी थोडी चालवली, तर काई न्हाई."

"आन् भरल्या गाडीला, चढावर, उन्हात?"

"तसं कोण करंल? आपणहून पेट घेईल ते. इंजन वाजायला लागंल." मग म्हणाले, "काहून इचारून राहिलात? वाजतं का?"

"वाजतं."

"पण चढावर पेट्रोलवर काहून घेतो तो?"

"आमच्याकडं समदेच घेतात. पहिल्यापासून. गॅसला ओढ नसती म्हणून."

तिकडून पान्हा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मामी, आमच्याकडं चढच न्हाई ओ."

बघ गं. एवढंच होतं ते. वसमतची ती सपाट काळी जमीन, तिथं नजर पोचेल तिथवर रस्ता सरळ. तिथल्या माणसाच्या डोक्यातही येणार नाही की कुणी झाडापाशी बटन दाबत असेल. आणि आमच्याकडच्या माणसाच्या डोक्यात येणार नाही की ही सांगायची गोष्ट आहे. गॅसला ओढ यावी म्हणूनच हेड घासलं, ओढ आली, आणि तरी हा जुन्या सवयीनं चढावर पेट्रोल पाजत राहिला. इंजनाला मदत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जावईबापू आले. तुला "मामीकडं जरा काम हाय" एवढंच सांगून आले होते ना? पिशवीत पान्हे. चहासुद्धा न घेता त्यांनी प्लग काढायला घेतले. मी विचारलं, आता हे कशाला, कारण तर कळलं. तर म्हणाले, "कारण कळलं, नुकसान कळायचं हाय. बरेच दिवस वाजलं असंल तर आतल्या दट्ट्याचं तोंड खाल्लं जातं. त्याचे कण प्लगला चिकटतात. मग खोलावंच लागंल."

आणि त्यांनी मला समजावून सांगितलं, ते असं. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं वाळलेलं गवत एका टोकानं पेटवलं तर जाळ चालत चालत दुसऱ्या टोकाला जातो. इंजनातही ठिणगीपासून जाळ असाच चालत जायला पाहिजे. पण जाळ पोचायच्या आधीच तिकडचं टोक नुसत्या तापानं आणि दाबानं भडकलं तर दणका बसतो. तो दणका म्हणजे माझे हरभरे.

प्लगच्या टोकाला पांढरी चिनी माती असते. ती उन्हात धरून जावईबापू बघत होते, आणि त्यांच्या खांद्यावरून मी, तांदळात खडा बघावा तशी. चमकता कण दिसला तर संपलं. तुझा भाऊ लांब उभा, नखं खात. एक प्लग बघून झाला, स्वच्छ. दुसरा बघितला, पुसला, पुन्हा बघितला. शेवटचा बघून त्यांनी तो खाली ठेवला आणि म्हणाले, "वाचलं."

मी देवाला हात जोडते आहे, तेवढ्यात तुझा भाऊ बोलला. कुणी विचारलं नव्हतं त्याला. "दाजी, मी आज हे दुसऱ्याकडं खोलायला टाकणार व्हतो. तुमच्यामुळं बिघडलं म्हणून फोटो बी टाकणार व्हतो ग्रुपवर."

झालं. मला वाटलं, आता गेलं माहेर पोरीचं. हा मुलगा खोटं बोलू शकत नाही हे चांगलं का वाईट, मला आजही ठरवता आलेलं नाही.

जावईबापू चिंधीला हात पुसत राहिले. पुसून झाले तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "मला काहून न्हाई सांगितलं?"

"दाजी हाईत तुमी. कसं सांगावं?"

तेवढ्यात सुनेनं आतून हाक मारली. पाट मांडला होता, ताट वाढलं होतं, रांगोळीसुद्धा काढली होती पोरीनं. जावईबापू म्हणाले, "मी पाटावर बसणार न्हाई."

जावई ताटावर बसत नाही म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. सून दारात दगड झाली.

"पाटावर बसवलं की मला कुणी खरं सांगत न्हाई," ते म्हणाले. "मामी, मला भाकर हितंच द्या, गाडीपाशी. आन् तू बस हितं माझ्याजवळ. मी तुझ्या इंजनाचं समदं इचारलं, रस्ता कसा हाय ते इचारलंच न्हाई. ती माझी चूक. तू वाजतंय म्हणून सांगितलं न्हाई, ती तुझी. आता बस आन् बोल, आजून काय काय वाजतं."

दोघांनी गाडीच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. काळे हात, तेलाचा वास, मधे ठेच्याची वाटी. तुझा भाऊ आधी मान वर करेना. मग म्हणाला, "मागचं दार बी वाजतं." जावईबापू म्हणाले, "त्याला माझं हेड कारण न्हाई ना?" आणि मग दोघं असे हसले की जवळची कोंबडी पळाली.

जेवण झाल्यावर त्यांनी ठिणगीची वेळ थोडी मागं घेतली, म्हणजे अडीनडीला रिकामी गाडी पेट्रोलवर पंपापर्यंत जाईल. आणि ताकीद दिली, भरलेल्या गाडीला चढावर पेट्रोल नाही म्हणजे नाही. मधेच गॅस संपलाच तर लहान गेर, हलका पाय, नाहीतर ओझं उतरवून ठेवायचं. मग दोघं गाडी भरून चढ बघायला गेले. मला म्हणाले, चला. मी म्हणाले, आज मी बाहेरून ऐकते. मी चालत जाऊन कडुलिंबाखाली बसले. खालून गाडी आली, वळली, वर गेली. नुसता कामाचा आवाज, घाम गाळणाऱ्या माणसाच्या श्वासासारखा. आणि त्यात या दोघांचं मोठमोठ्यानं बोलणं. एकजण म्हणत होता दुसरा गेर टाक, दुसरा म्हणत होता चढ माझा हाय, मला शिकवू नका.

आता दोघांचे रोज फोन चालतात, मला कुणी विचारत नाही. हिंगोलीच्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीलाही भाऊ जाऊन सांगून आला. तो म्हणाला म्हणे, अम्मा को सलाम बोलना.

पण एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही. आता चढाला गाडी गप असते, पण उतरताना, झाडाच्या खाली आल्यावर, बारीक शीळ घातल्यासारखं काहीतरी येतं. भाऊ म्हणतो वारा आहे. जावईबापूंना फोनवर ऐकवलं तर म्हणाले ब्रेक असेल. मला दोन्ही पटत नाही. तुझे कान लहानपणापासून तिखट. तू पंचमीची वाट बघू नको, नवऱ्याला काम आहे म्हणूनही थांबू नको. येत्या आठवड्यात लेकरांना घेऊन ये. हिंगोलीपर्यंत एसटीनं ये, तिथून भाऊ गाडीत घेईल. पुढच्या सीटवर मी सरकून बसते, आपण दोघी मावतो. ये बाई लवकर.